खांबावरचा एक

पेला भरायला बोटभर जागा उरली तेव्हा पंचफुलाने गडू सरळ केला. धार तुटली. थेंबही खाली पडला नाही. दिवाळीच्या सुमारास हीच पोरगी पेला वाहू लागला तरी ओततच राहायची आणि मग आपल्या ओल्या परकराकडे नवलाने बघायची. सत्यवतीबाईंनी वहीत तारीख घातली, १२ जून १९६१, आणि लिहिलं : ‘पंचफुला. ओतताना आता गडूकडे पाहत नाही, पेल्याकडे पाहते.’

तेल्हाऱ्याच्या बालवाडीत अशा सहा वह्या भरल्या होत्या. बाई अमरावतीला इंटर सायन्सपर्यंत शिकल्या होत्या. तिथे रुजत्या बियांचे कोंब रोज मोजायची लागलेली सवय इथे मुलांच्या वाट्याला आली. ‘बाई तलाठ्यावानी पोट्ट्यायची मोजणी करते,’ असं गावात म्हणत. बाईंना त्यात वावगं वाटत नसे.

बालवाडीच्या मधल्या लाकडी खांबावर त्यांनी स्वतः काळ्या रंगाने एक ते पन्नास इंचांच्या रेघा ओढल्या होत्या. वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर आणि जूनमध्ये, मुलं खांबाला पाठ लावून उभी राहत.

या जूनच्या मापावर बाईंचं बरंच काही अडलं होतं. पंचफुला ही बालवाडीच्या मदतनीस केशरबाईची नात. सहावं वर्ष संपत आलं तरी तिला पहिलीत घालायचं ठरत नव्हतं. बाप देवमन कापसाच्या जिनात कामाला, आई शालू शेतात निंदणाला जायची, आणि घरी सव्वा वर्षाचा भाऊ सांभाळायला कोणीतरी हवं होतं. देवमन मायच्या शब्दाबाहेर जात नसे, आणि माय केशरबाई दिवाळीपासून एकच शब्द बोलत होती : “पाहू.”

“भावाला इथे घेऊन येत जा, केशरबाई. माझी ना नाही.”

“ते झालं वो बाई. पण पोट्टी अजून लहान हाय. शायेतले पोट्टे धक्के देतीन तिले.”

“लहान की मोठी, ते जूनमध्ये खांबच सांगेल,” बाई पैजेवर म्हणाल्या होत्या.

आज खांबाने सांगितलं ते भलतंच. दिवाळीत पंचफुला एकोणचाळीस इंच होती. आजही एकोणचाळीस. बाईंनी तिच्या डोक्यावर पट्टी आडवी धरून पुन्हा पाहिलं. मग धर्मपालला उभं केलं, मग बाकीच्यांना. सात महिन्यांत कोणीच वाढलं नव्हतं. धर्मपाल तर सुतभर कमीच भरला.

“अवं माय,” केशरबाई म्हणाली, “दुधाची भुकटी पिऊन पोट्टे आकसले काय?” मग बाईंचा चेहरा पाहून तिने आवाज खाली आणला. “जाऊ द्या. पुढच्या साली पाहू हिचं.”

वही उघडून बाईंनी जुने आकडे पाहिले, पट्टी पाहिली, खांब पाहिला. सगळीच मुलं एकदम वाढायची थांबत नाहीत, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. चूक कुठे होती, ते मात्र सापडेना.

पंचफुला खांबाच्या बुडाशी उकिडवी बसली होती.

“बाई, एक वरतं कसा गेला?”

“कुठला एक?”

“हा एक हाय.” तिने रेघेवर बोट ठेवलं. “याच्या खाली माहे दोनच बोटं मावत होते. आता चार मावतात.”

बाई तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसल्या. एकाची रेघ खरंच जमिनीपासून वर सरकली होती. केशरबाईचा हात तोंडावर गेला. सुट्टीत तिने उखणलेली जुनी जमीन खरवडून काढून, पिटून, सारवून सपाट केली होती, मुलं ठेचकाळू नयेत म्हणून. किती छान सपाट झाली, असं बाईंनीच कालपरवा तिला म्हटलं होतं. त्याच जमिनीवर उभं राहून त्या मापं घेत होत्या.

त्यांनी पट्टी उभी लावली. एकाच्या रेघेपासून जमिनीपर्यंत सव्वादोन इंच. म्हणजे जमीन सव्वा इंच खाली गेली होती.

“सव्वाचाळीस,” बाई म्हणाल्या. “पंचफुला सव्वाचाळीस इंच झाली, केशरबाई. सगळीच वाढलीत.”

“म्या वरतं नेला एक, अन् या टिचभर पोट्टीनं धरलं मले!” केशरबाईला हसू आवरेना. “तुले कसं दिसलं व?”

“तुमी सगळे वरतं पाहून राहिले होते,” पंचफुला म्हणाली.

बाईंनी पेन्सिल उचलली आणि परत खाली ठेवली. ही गोष्ट त्या वहीशिवायही विसरणार नव्हत्या. इंटरच्या प्रयोगशाळेत माप घेण्याआधी शून्य तपासायचं त्यांना शिकवलं होतं. सहा वर्षांचीही न झालेल्या या मुलीने ते कोणी न शिकवता तपासलं होतं. त्यांना इतका अभिमान वाटला, की काही वेळ त्या तिच्या केसांवरून नुसता हात फिरवत राहिल्या.

केशरबाईने पदराने डोळे पुसले, हसण्याचे की कशाचे ते तिलाच ठाऊक. नातीकडे तिने असं पाहिलं, जणू घरात नवं माणूस आलं आहे.

“बाई,” ती म्हणाली, “लहान्याले उद्यापासून मी इथं संगं घेऊन येतो. देवमनले मी सांगतो. हिचं नाव पहिलीत टाका.”