घड्याळ म्हणालं, आज बसा

चहा अजून चुलीवरच होता, तोवर घड्याळाने नथ्थूला आजचा निकाल सांगून टाकला. शंभरपैकी एकतीस. आकड्याखाली दोन शब्द होते : आज विश्रांती.

"काय म्हनते?" गुणाबाईने चुलीपासून विचारलं.

"काय म्हनल? बस म्हनते."

गेले एकोणीस दिवस ते हेच म्हणत होतं. नथ्थूचं वय त्रेसष्ट. सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रात त्याने पंचवीस वर्षं रोजंदारीवर चिखल तुडवला होता आणि उरलेल्या वेळात स्वतःची दोन एकर धानाची शेती केली होती. अशा माणसाला एक बिस्किटाएवढं यंत्र मनगटावर बसून सांगत होतं, की तुला आज झेपायचं नाही. आणि तो ऐकत होता. ऐकावं लागत होतं, हेच त्याला जास्त झोंबत होतं.

दोन वर्षांपूर्वी नागपूरला त्याची छाती उघडून ऑपरेशन झालं. त्यानंतर बाप शेत सोडायला तयार नव्हता आणि हैदराबादला नोकरी करणारा मुलगा प्रवीण बापाला शेतात जाऊ द्यायला तयार नव्हता. शेवटी प्रवीणने हे घड्याळ आणलं. त्यात वेगळं सिमकार्ड होतं. बापाच्या छातीचे ठोके, झोप, आणि बाप कुठे आहे, सगळं हैदराबादला दिसायचं. करार असा झाला : घड्याळ हिरवं असेल त्या दिवशी शेतात जायचं, लाल असेल त्या दिवशी घरी बसायचं. हातातून काढायचं नाही. शब्द मोडला तर दोन्ही एकर शेजारच्या धनराजला बटईने, म्हणजे अर्ध्या वाट्याने, द्यायची आणि पुन्हा विषय काढायचा नाही. नथ्थूने मुलाच्या हातावर हात ठेवून हो म्हटलं होतं.

पहिलं वर्ष झकास गेलं. घड्याळ ठोके मोजायचं, हिरवं व्हायचं, नथ्थू फावडं उचलायचा. मागल्या सालचं धान त्याने असंच काढलं.

मग आषाढात एका सकाळी घड्याळ बदललेलंच निघालं. कंपनीने आत काहीतरी नवं भरलं होतं. कोणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. हिरवा-लाल गेला आणि शंभरपैकी आकडा आला. चाळीसच्या खाली आला की विश्रांती. हा आकडा बहुतेक झोपेवरून निघायचा. नथ्थू जन्मभर पहाटे तीनला उठणारा आणि दुपारी जेवून दोन तास आडवा होणारा. जुन्या घड्याळाला ते चालत होतं. नव्याने दुपारची झोप धरलीच नाही. तेच काळीज, तीच झोप, फक्त मोजणाऱ्याचं डोकं फिरलं आणि धडधाकट माणूस एका रात्रीत आजारी ठरला.

तो सिंदेवाहीला अतुलच्या मोबाइलच्या दुकानात गेला, तर तिथे आधीच दरबार भरला होता. हेमराज मास्तरांच्या सकाळच्या फिरण्यातली दोन हजार पावलं गायब होती. जंगलात बारा किलोमीटरची गस्त घालून आलेल्या ललिता वनरक्षकाला घड्याळ म्हणत होतं, थोडी हालचाल करा. शिवाय नव्या कारभारात एक भर होती. ठोके वाकडे पडले असं घड्याळाला वाटलं, की घरच्यांच्या फोनवर घंटा वाजायची. मास्तर फळ्यावर भागाकार शिकवत असताना त्यांच्या पोरीच्या फोनवर घंटा वाजली आणि ती रडत शाळेत धावत आली. मास्तरांना काहीच झालं नव्हतं.

अतुलने हात टेकले. "काका, अपडेट एकदा चढलं का उतरत नाई. मागं जाचा रस्ताच नाई ठेवला त्यायनं."

नथ्थूने प्रवीणला सगळं सांगितलं. प्रवीण म्हणाला, "बाबा, घडी आधी चुकीचं दाखवत होती. आता सुधारली."

"मंग मागच्या साली मी चुकीनं जित्ता राह्यलो काय?"

प्रवीण हळू म्हणाला, "नागपूरले त्या काचेच्या बाहीर मी उभा होतो, बाबा. आठ दिवस. तुमी नाई."

पोरगा दुष्ट असता तर नथ्थूने घड्याळ केव्हाच विहिरीत टाकलं असतं. पोरगा जीव लावणारा होता, म्हणून तो अडकला होता.

आणि वेळ कोणती, तर रोवण्याची. पाऊस बारा दिवस गडप झाला होता. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, एकवीस दिवसांची झाली की उपटून बांध्यांत, म्हणजे खाचरांत, रोवायची. महिना उलटला की ती जुनी होतात, मग रोवा नाहीतर बैलांना घाला. नथ्थूच्या पऱ्ह्यांचा आज अठ्ठाविसावा दिवस होता आणि रोवायला बांधीत पाणी नव्हतं. पाणी होतं ते गावच्या तलावात, आणि ते पाळीने मिळायचं. पाळीचा नियम जुना आणि कडक. ज्याची पाळी, त्याच्या घरचं माणूस फावडं घेऊन पाटाच्या तोंडावर उभं पाहिजे. मजूर चालत नाही. मागे कधीतरी मजुरांमध्ये फावडी चालली होती, तेव्हापासून घरचंच माणूस. ते जागेवरून हललं, की पाणी पुढच्याच्या बांधीत. मग पंधरा दिवस वाट बघा.

नथ्थूच्या घरचं माणूस म्हणजे आता गुणाबाई. एकोणीस दिवस तीच सगळं करत होती. चिखलणीचा ट्रॅक्टर तिने बोलावला, बांध्यांभोवतीचे मातीचे धुरे तिने बांधले, पऱ्ह्यांना घागरीने पाणी तिने घातलं, आणि परत येऊन चूल तिनेच पेटवली. नथ्थू ओसरीवर बसून तिची वाट बघायचा. ती आली, की पायरीवर टेकायची आणि बराच वेळ पाण्याचा तांब्याही उचलायची नाही. नथ्थूला वाटायचं, बायको आपल्यावर रुसली आहे. त्याला स्वतःची इतकी लाज वाटत होती, की दुसरं काही दिसतच नव्हतं.

आज पाळी होती. सकाळी दहापासून चारपर्यंत. एकतीसचा आकडा बघितला आणि त्याच्या मनात कधीपासून घोळत होतं ते त्याने बोलून टाकलं.

"प्रवीनची माय, हे घडी आज तू बांध. तू घरी बस. तो पाह्यल त घडी घरीच दिसल. मी जाऊन येतो."

त्याला वाटलं होतं ती भांडेल. पोराला फसवता काय म्हणेल, ऑपरेशनची आठवण काढेल. मनात त्याने उत्तरं तयार ठेवली होती.

गुणाबाईने हात पुढे केला. "बांधा," ती म्हणाली. "बसते म्हनते मी बी एक दिस."

नथ्थू इतका खूश झाला, की ती इतक्या सहज कशी कबूल झाली हे विचारायचं त्याला सुचलंच नाही.

बांधीवर पोचला आणि त्याने आधी चपला काढल्या. पाटाच्या तोंडावरची माती फावड्याने ओढली आणि पाणी आत घुसलं. भेगाळलेल्या मातीने आधी ते पिऊन टाकलं, मग बुडबुडे आले, मग हळूहळू पाणी पसरायला लागलं. नथ्थू पोटरीभर चिखलात उभा राहिला. त्याला गाणं येत असतं तर तो गायला असता. दोन तासांत एक बांधी भरली, दुसरी अर्धी झाली. वरच्या धुऱ्यावर धनराज आपल्या पाळीची वाट बघत बसला होता. त्याने लांबूनच हात केला.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"बाबा, खाली बसा," प्रवीण धाप लागल्यासारखा बोलत होता. "कुठी आहात? घरीच दिसून राह्यले. बसा आधी."

"घरीच हावो. काऊन?"

"तुमचे ठोके एकशे पंचेचाळीसवर गेले. आन वाकडे चालून राह्यले. तीन येळा घंटा वाजली. छातीत दुखते काय?"

नथ्थूने छातीवर हात ठेवला. आत सगळं शांत होतं. कोणीतरी दूरवर कांडण करावं तसा संथ ठोका होता. त्याला हसूच आलं. एवढा चिखल तुडवतोय आणि काही नाही, आणि ते लबाड घड्याळ घरी बसल्या बसल्या...

घरी बसल्या बसल्या. मग त्याचं हसू गेलं.

"नाई दुखत," तो कसाबसा म्हणाला. "मी करतो फोन," आणि त्याने फोन बंद केला.

पाणी खळखळत बांधीत येत होतं. घड्याळ खोटं आहे, हे एकोणीस दिवस तो सगळ्या गावाला सांगत होता. मास्तरांची गोष्ट त्याने स्वतः दहा जणांना रंगवून सांगितली होती. तेच खोटं आत्ता खोटं धरायची मात्र त्याची हिंमत होईना. त्याने दुसऱ्या बांधीकडे एकदा बघितलं, फावडं धुऱ्यात रोवलं, आणि चपला न घालताच घराकडे निघाला. पळायला डॉक्टरांनी मनाई केली होती. तो जवळजवळ पळतच गेला.

गुणाबाई ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती. पुढ्यात सुपात तांदूळ होते, पण हात थांबलेला. ओठांवर घाम.

"आले काऊन? पानी?"

"काय होऊन राह्यलं तुले?"

"काई नाई. गरम होते." त्याने डोळे हटवले नाहीत, तेव्हा ती सुपाकडे बघत म्हणाली, "धडधड होते कधीमधी. मंग आपोआप थांबते."

"कधीपासून?"

"मागच्या रोवन्यापासून."

"वरीस झालं? सांगतलं काऊन नाई मले?"

"तुमच्या आपरेशनाले वरीसच झालं होतं तवा. कोनाकोनाचं करन पोरगा?" तिला दम लागत होता. "आन आता सांगू नका त्याले. तुमीच त म्हनता, घडी खोटी हाये."

नथ्थूने तिचं मनगट धरलं. घड्याळाच्या वर दोन बोटं ठेवली आणि मोजायला लागला. एक, दोन, मग काहीच नाही, मग तीन-चार एकावर एक. त्याला मोजता आलं नाही. पंचवीस वर्षं त्याने भात केंद्रात लोंबीतले दाणे मोजले होते, लाखो, एकही चुकला नव्हता.

त्याने फोन काढला. गुणाबाईने त्याचा हात धरला. "अजी, तुमचं शेत जाईल," ती म्हणाली. "त्यानं म्हनलं होतं."

"मालूम हाये."

"मंग माह्या जिवाले मी निस्तरते. चार दिस बसली का बरं होते."

नथ्थूला भीती वाटत होती. मुलाची नव्हे, शेताचीही नव्हे. गेलं वर्षभर ही बाई आपल्या शेजारी अशी धडधडत झोपत होती आणि आपण स्वतःच्याच आकड्याशी भांडत बसलो, याची. त्याने नंबर लावला.

"प्रवीण, घडी माह्या हातात नाई. तुह्या मायच्या हातात हाये. मी बांधीवर गेलतो. ठोके तिचे हायेत."

प्रवीणने एकदा "आईचे?" असं विचारलं, आणि पुढचं तो भराभर बोलला. सिंदेवाहीवरून गाडी पाठवतो, अर्ध्या तासात येईल, आजच ब्रह्मपुरीला दाखवा, तोवर आईला उठू देऊ नका. तुम्हीही कुठे जाऊ नका.

"शेताचं मालूम हाये मले," नथ्थू म्हणाला.

"मी शेताचं काई म्हनलो काय बाबा आता?" प्रवीण म्हणाला. "तिची घडी तिच्याच हातात राहू द्या. तुमच्यासाठी मी दुसरी पाठवतो."

फोन ठेवला तर फाटकात धनराज उभा होता. खांद्यावर फावडं, हातात नथ्थूच्या चपला. भला माणूस होता, नियम माहीत असून विचारायला आला होता.

"नथ्थूभाऊ, तोंडावर कोनी नाई. दुसरी बांधी अर्धीच झाली तुमची. मी घेऊ काय पानी?"

नथ्थूने गुणाबाईकडे बघितलं. ती उठायला बघत होती. एक हात जमिनीवर टेकलेला, दुसरा कोपऱ्यातल्या तिच्या फावड्याकडे जायला निघालेला. एकोणीस दिवस ती अशीच उठत आली होती.

"घे," नथ्थू धनराजला म्हणाला.

धनराज चपला पायरीवर ठेवून गेला. थोड्या वेळाने पाटाचा आवाज बदलला. घरातूनही ते कळत होतं. इतकी वर्षं ऐकलेला आवाज, पाणी कोणत्या बांधीत वळलं हे त्यावरून सांगता यायचं.

मग गुणाबाईने घड्याळाचा हात त्याच्या पुढे धरला. "काढा आता हे. चावते."

नथ्थूने तिचा हात मांडीवर घेतला. तिचं मनगट बारीक होतं, पट्टा सैल पडला होता, घड्याळ खालीवर सरकत होतं. त्याने पट्टा सोडवला, ओढून एक भोक आत घेतला, आणि पुन्हा लावून टाकला.

"बस," तो म्हणाला. "आज बस."