पुढच्या वर्षी कोणाकडे?

सामुदायिक रेडिओ केंद्रांचा वार्षिक मेळावा सलग चौथ्या वर्षी नेवाशाजवळच्या एका छोट्या केंद्राच्या गळ्यात पडला होता, आणि ते केंद्र चालवणाऱ्या सत्यशीलाबाईंनी ठरवलं होतं, पाचव्यांदा म्हणजे नाहीच. पहिल्या वर्षी त्यांनी हौसेनं घेतला. दुसऱ्या वर्षी ज्यांनी शब्द दिला होता, त्यांचा मनोरा वादळात आडवा झाला. तिसऱ्या वर्षी यजमानाच्या मुलीचं लग्न निघालं. यंदा तर कुणी कारणही दिलं नाही. ‘ताई, तुमच्याकडची सोय छान असते,’ एवढं म्हणून सगळे गप्प.

एरवी ही माणसं गप्प बसणारी नव्हेत. नफ्याशिवाय चालणाऱ्या तेरा केंद्रांची चाळीस बोलकी माणसं मारुतीच्या सभामंडपात जमली, की पाच मिनिटांचं मनोगत अर्ध्या तासावर जायचं. भंडारदऱ्याकडच्या केंद्राच्या गोरक्षभाऊंनी सकाळी नुसती स्वतःची ओळख करून देताना सगळ्यांचा चहा निववला होता. मात्र शेवटच्या सत्रात ‘पुढच्या वर्षी कोणाकडे?’ विचारलं, की सगळे चष्मे पुसायला घ्यायचे.

यंदा सत्यशीलाबाईंनी लंकाबाईंना हाताशी धरलं. लंकाबाईंनी दहा वर्षं ऊस तोडला होता. आता त्या केंद्रावर ऊसतोड बायकांचा कार्यक्रम करायच्या. भीड त्यांना ठाऊक नव्हती.

“शेवटचं सत्र थेट हवेवर सोडायचं,” सत्यशीलाबाई म्हणाल्या.

“आन् मंग?”

“प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं.”

“म्या? गप्प?” लंकाबाईंनी विचार केला. “तोंडात पदर धरते.”

चारला थेट प्रक्षेपणाचा लाल दिवा लागला. लंकाबाई माइकवर म्हणाल्या, “आयाबायांनो, हितं चाळीस रेडिओवाले बसल्यात. म्होरल्या वर्सी मेळावा कुनाकडं, ते आता तुमाला सांगतील.” आणि त्यांनी खरंच तोंडात पदर धरला.

हवेवरची शांतता रेडिओवाल्याला भरल्या ताटातल्या माशीसारखी. चौथ्या सेकंदाला कुणी खाकरलं. सातव्याला कोपरगावच्या केंद्राचे एक गृहस्थ घामाघूम झाले. सत्यशीलाबाईंचा स्वतःचाच हात माइककडे निघाला, तो त्यांनी मांडीखाली दाबून ठेवला. दहाव्या सेकंदाला गोरक्षभाऊंनी झडप घालून माइक ओढला.

“नमस्कार श्रोतेहो! आमच्या भंडारदऱ्याला काय ती हवा! धरणाचं पाणी, पावसाआधीचे काजवे, नागलीची गरम भाकरी...” ते नुसती वेळ भरत होते, पण आवाज भारदस्त, थांबता येईना. “अशा ठिकाणी माणसानं एकदा तरी यावं!”

“आलोच म्हना!” लंकाबाईंनी पदर सोडला. “ऐकलं न्हवं समद्यांनी? गोरक्षभाऊंनी आवतन दिलं!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. तोही हवेवर गेला.

लगेच गोरक्षभाऊंचा मोबाईल वाजला. बायको सुकन्या घरी बसून इंटरनेटवर सगळं ऐकत होती. “हो... चाळीस... अगं, हवेवर होतो मी...” भाऊंचा आवाज बारीक होत गेला. शेवटी त्यांनी फोन सत्यशीलाबाईंच्या हातात कोंबला. “ताई, तुम्हीच बोला.”

‘अभिनंदन’ म्हणून सत्यशीलाबाईंना फोन ठेवता आला असता. पण पलीकडचा रडवेला आवाज त्यांच्या ओळखीचा होता. पहिल्या वर्षी त्या स्वतः अशाच रडकुंडीला आल्या होत्या. “वहिनी, घाबरू नका. एवढ्यांना भाकऱ्या पुरत नाहीत, भात जास्त धरा. मी चार दिवस आधी येते.”

लंकाबाई बघतच राहिल्या. “सुटला व्हता न्हवं तुमी?”

“सुटलेच की,” सत्यशीलाबाई म्हणाल्या, आणि आपली मोठी पातेली घाटातून वर कशी न्यायची, ते गोरक्षभाऊंना विचारू लागल्या.