लाय कुएनचा पुसलेला आवाज

मी एक जुनी ध्वनिफीत आहे, मित्रांनो. इपोहमध्ये एका मंडारिन मालिकेचं चित्रीकरण चाललं होतं, तेव्हा मी नवीकोरी होते. मालिका तीन देशांनी मिळून काढलेली. कथा तैवानची, नायक-नायिका चीनचे, आणि रस्ते, घरं, किरकोळ माणसं आमच्या मलेशियाची.

त्या किरकोळ माणसांतली एक लाय कुएन. बाजारात टोफू विकायची. दिग्दर्शकाला तिचा चेहरा आवडला आणि त्याने तिला थेट नायकाची आई करून टाकलं. प्रसंग एकच होता. मुलगा परदेशी निघालाय आणि आई दारातून त्याला हाक मारते.

ध्वनिमुद्रक दोराय यांनी मला यंत्रावर चढवलं. बाई इतक्या घाबरल्या, की मुलाचं नावच विसरल्या आणि नवऱ्याचं घेऊन मोकळ्या झाल्या!

"ए चिन फात, पोटभर जेव बरं का! नुसती कॉफी ढोसत बसू नकोस!"

सगळे खो खो हसले. "अहो आंटी, तो मुलगा आहे, नवरा नव्हे!" दोराय म्हणाले.

"मग काय झालं? दोघांनाही तेच सांगावं लागतं!"

प्रसंग पुन्हा घेतला, पण ती पहिली हाक माझ्या अंगावर राहिली. काय सांगू, मला तिचा केवढा अभिमान होता!

पुढे चीनच्या मंडळींना आमच्या इपोहचा हेल चालेना. इथल्या सगळ्या नटांच्या तोंडी बीजिंगचे आवाज बसवायचे ठरले. माझं काम संपलं. डब्यावर 'पुन्हा वापरा' अशी चिठ्ठी लागली. दोरायना बाजारातले आवाज हवे होते, म्हणून त्यांनी लाय कुएनच्या बोलण्यावर बदकांचा कलकलाट भरला. तेव्हा सगळेच असं करायचे. तिची हाक कायमची पुसली जातेय हे मला मात्र कळत होतं, आणि मी गप्प होते.

मालिका दाखवली जाण्याआधीच लाय कुएन गेली. तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत सगळं आटोपलं.

मालिका लागल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारे गृहस्थ दोन पपनसं घेऊन स्टुडिओत आले. ते चिन फात होते.

"तोंड तिचं आणि आवाज भलत्याच बाईचा!" ते दोरायना म्हणाले. "आख्खी गल्ली बघत होती हो. पण पहिल्या वेळी तिनं माझं नाव घेतलं होतं ना? घरी येऊन किती हसली होती! तेवढं ऐकवा. फोटो ढीगभर आहेत, आवाज कुठेच नाही."

दोरायांचा चेहरा पडला. "अंकल, ते पुसलं गेलंय. माझ्याच हातून."

"एकदा लावून तर बघा."

त्यांनी मला लावलं. चिन फात कान लावून बसले. बदकं जरा थांबली, की ते हात वर करायचे.

"थांबा! आत्ता... ती होती का?"

"बदक होतं, अंकल."

अर्धा तास असंच चाललं. शेवटी मी संपले आणि चाक रिकामंच फिरत राहिलं. दोराय तोंड फिरवून रडत होते. चिन फातनी मात्र मला उचलून रुमालात बांधलं.

आता मी त्यांच्या घरी, तिच्या फोटोशेजारी असते. मला वाजवायचं यंत्र त्यांच्याकडे नाही. ते रोज उदबत्ती लावतात आणि माझ्यावरची धूळ पुसतात. त्यांचा हात लागला की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मित्रांनो, कुणाचाही आवाज पुसण्याआधी त्याच्या घरच्यांना एकदा विचारा. त्या दिवशी दोरायना अडवायला माझ्याजवळ तोंड नव्हतं. तुमच्याजवळ आहे.