पान उलटणं

महमूदने सागाची फळी बाल्कनीतल्या सीएनसी राऊटरवरून, लाकूड कोरायच्या संगणकी यंत्रावरून, उचलली आणि धाडकन जमिनीवर आपटली.

"डोळे कुठं होते तुझे? कुठली बाजू कुठं गेलीय बघ!"

त्याची बायको कुबरा बाल्कनीच्या दारात उभी होती. तिने ओढणीला हात पुसले.

रेहल करायची होती, कुराण ठेवायची घडीची घोडी. एकाच अखंड फळीतून. मधल्या दातांची अर्धी खोली वरून कापायची, अर्धी खालून. दोन्ही काप भेटले की फळी आपोआप उघडते. इथे ते भेटलेच नव्हते. दात हवा तिथे भोक पडलं होतं. उद्या जिक्राचं कुराण पहिल्यांदा पुरं होणार, घरात त्याचा सोहळा, आमीन व्हायची, आणि सौदीतल्या दम्मामहून कायमच्या परतलेल्या बापाने करंजाडेच्या अख्ख्या इमारतीत सांगून ठेवलं होतं, की लेकीची रेहल माझ्या हातची.

सकाळी तो जासईला ट्रेलरच्या रांगेत अडकला होता. एक बाजू झाल्याचं कुबराने फोनवर सांगितलं. थांब, मी येतो, एवढं म्हणायला काय झालं होतं? पण हौसेला धीर कुठला! फळी उलट आणि दुसरी बाजू लाव, असं त्याने फोनवरच सांगून टाकलं. फळी अडकवायच्या चारही खुंट्या त्यानेच सारख्या अंतरावर ठोकलेल्या, त्यामुळे ती कशीही उलटली तरी गुमान बसे. हे आठवलं तसा तो जास्तच भडकला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

"उजवी कड डावीकडे यायला हवी होती! तू खालची वर नेलीस."

"तुम्हीच म्हणालात, पान उलटतात तशी उलट."

"मग? पान असं उलटतात?"

"कुराणाचा वरक पलटतात." आता कुबराचाही आवाज चढला. "पान कॅलेंडरचं उलटतात. खालून वर, खिळ्यावरून मागे. अकरा वर्षं दर महिन्याला उलटलंय मी. तुमच्या सुट्टीचा महिना येईपर्यंत."

महमूदने वाकून फळी उचलली आणि उगाच तिच्यावरचा भुसा झटकत राहिला. सागाची तेवढी एकच फळी होती.

"उद्या जिक्राला काय सांगू?" तो म्हणाला.

"सांगा, अब्बांना यायला अजून वेळ आहे." कुबरा आत वळली. "तिला सवय आहे."