बिस्किटाच्या पुड्यावरून गळलेली ओळ

मित्रांनो, मी एका बिस्किटाच्या पुड्याची जुनी डिझाइन फाईल आहे. पुडा तुम्ही फाडून फेकून देता; त्यावरचं चित्र आणि अक्षरं माझ्यातून छापायला जातात. माझ्या पोटात लेयर असतात, म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागदच म्हणा. एक बंद केला की त्यावरचं सगळं दिसेनासं होतं.

मला ताईंनी घडवलं. ताई शिस्तीच्या. प्रत्येक लेयरला नाव, एका कामाच्या लेयरचा एक गट. पुड्यामागची ‘यात शेंगदाणे आहेत’ ही बारीक ओळ त्यांनी ‘इशारा’ नावाच्या गटात ठेवली. आपल्यामागून येणाऱ्याला शोधत बसायला नको, असं त्या म्हणायच्या. ऑफिसातले त्यांना हसायचे. माझी ऐट मात्र विचारू नका.

ताई नोकरी सोडून गेल्या आणि मी त्यांच्या जागी आलेल्या दादांच्या तावडीत सापडले. दादांचा हात भरभर चाले, त्याचंच सगळ्यांना कौतुक. सवलतीचा लाल शिक्का टाकताना त्यांनी इशाऱ्याची ओळही ‘सवलत’ गटात ढकलली. जागेवर ठेवायचा कंटाळा, दुसरं काय! असली कामं करून ते साहेब झाले.

सवलत संपली. साहेबांनी नव्या मुलीला तो गट बंद करून मला लगेच छापायला पाठवायला सांगितलं. आत एकदा बघून घेऊ का, असं तिने विचारलं. तेवढा वेळ नाही, म्हणाले. तिने गट बंद केला. पुढचा शिक्का गेला, मागची ओळही गेली, आणि मला ओरडता आलं नाही.

शेंगदाणे न सोसणाऱ्या एका लहानग्याने ते बिस्कीट खाल्लं. त्याचा घसा सुजला, श्वास कोंडला. दवाखान्यात तो कसाबसा वाचला.

“ती ओळ त्या गटात मी ठेवली नव्हती,” मुलगी म्हणाली.

“पण बंद कोणी केली?” साहेबांनी विचारलं.

मला उघडून बघायची तसदी कोणी घेतली नाही. मुलीने टेबल आवरलं आणि ती गेली. साहेबांनी ती ओळ घाईघाईत परत टाकली, कुठल्याशा बिननावाच्या लेयरवर.

मित्रांनो, तुमचं काम उद्या दुसऱ्याच्या हाती जाणार असतं. प्रत्येक गोष्ट तिच्या जागी ठेवा, तिला खरं नाव द्या. तुमचा कंटाळा तुम्हाला नाही, त्याला भोवतो. आज तिच्या खुर्चीत दुसरी मुलगी बसली आहे. तिने मला उघडलं, आणि साहेब मागून म्हणाले, “बिननावाचं सगळं काढून टाक.”