फक्कीच्या भिंती

बिल्डरचं एक खूळ होतं. पाया खणण्याआधी तो रिकाम्या प्लॉटवर पांढऱ्या फक्कीने अख्खं घर आखायचा, अगदी खऱ्या मापाचं, आणि घरच्या मंडळींना एक दिवस त्यात राहायला लावायचा. खुर्च्या, डबे, पाणी घेऊन यायचं आणि त्या रेषांच्या आत दिवसभर बसायचं-उठायचं. जिथे दारासाठी जागा सोडलेली असेल तिथूनच ये-जा करायची, भिंत ओलांडायची नाही. तो स्वतः कडेला स्टुलावर बसून नुसता बघायचा. "लोक सांगतात ते मी फारसं मनावर घेत नाही," तो म्हणायचा. "ते वागतात कसे ते बघतो आणि तसं बांधतो. म्हणून माझ्या घरांत मागाहून तोडफोड होत नाही." बोलणं फुशारकीचं होतं, पण खोटं नव्हतं.

मेट्रनबाईंना ही कल्पना फार आवडली. त्यांची उभी हयात हॉस्पिटलात गेली होती. नोकरी संपली, नवरा गेला, पण हे नाव काही त्यांना सोडून गेलं नाही. वॉर्डात त्यांचा दरारा असा, की भले भले डॉक्टर त्यांच्यासमोर आवाज खाली आणायचे. घरी आल्या की मात्र हा दरारा त्या गणवेशाबरोबर खुंटीला टांगायच्या. मुलापुढे तर त्यांची जीभच उचलायची नाही. एकुलता एक, त्यातून हसून बोलणारा. असल्या मुलांना आयांनी काय काय दिलंय हे विचारू नये.

आता त्या फ्लॅट देणार होत्या. दोन खोल्यांचा त्यांचा फ्लॅट विकायचा, तो पैसा या घराला लावायचा आणि मुलाकडे कायमचं राहायला यायचं, असं ठरलं होतं. सोमवारी सही होती. एकटेपणा त्यांच्या अंगावर यायला लागला होता, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. भिंतीपलीकडे कुणीतरी खोकतंय, कुणीतरी नळ सोडतंय, एवढंच त्यांना हवं होतं. आणि त्या भिंतीच्या अलीकडे स्वतःची एक खोली, आतून कडी लावता येईल अशी. अट म्हणावी तर ही एवढीच होती, आणि ती मुलाने हसत हसत मान्य केली होती.

सकाळी सगळे प्लॉटवर जमले. मुलगा, सून, चौदा वर्षांची नात आणि मेट्रनबाई. त्यांची खोली स्वयंपाकघर आणि मागचं अंगण यांच्या मधे आखली होती. लहान होती, पण चौकोनी आणि नीटस. त्यांनी दाराच्या जागेतून आत पाऊल टाकलं, घडीची खुर्ची उघडली आणि पूर्वेकडे तोंड करून बसल्या, कारण खिडकी तिकडे असणार होती. मग कुणी बघत नाही असं पाहून हाताने हवेतच दार लोटलं. स्वतःशीच हसल्या. इतक्या वर्षांत त्यांना असं पोरकट वागायला सुचलं नव्हतं.

आधी सून आली. गाडी मागच्या बाजूला उभी होती आणि पाण्याची बाटली गाडीत होती. "आई, एक मिनिट हं," म्हणत ती एका रेषेवरून आत आली आणि दुसऱ्या रेषेवरून बाहेर गेली. परत येताना तेही म्हणाली नाही. मग मुलगा डबे आणायला गेला. फोनवर बोलत होता. बोलता बोलता आईच्या खोलीच्या मधोमध उभा राहिला, दोन येरझाऱ्या घातल्या आणि पुढे झाला. मेट्रनबाईंनी पाय आखडून घेतले. पुढच्या वेळी खुर्ची थोडी सरकवली. त्यानंतर खुर्ची कोपऱ्यातच नेली, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला अडचण नको.

नातीच्या खोलीत मात्र कुणाची टाप नव्हती. कानांत इअरफोन घालून ती सतरंजीवर पसरली होती. बापाचा बूट तिच्या रेषेला नुसता लागला, तशी ती ओरडली, "पप्पा, नॉक करा!" बाप बिचारा मागे फिरला, दारापाशी आला आणि हवेत टकटक केली. सगळे पोट धरून हसले. मेट्रनबाईही हसल्या. हसता हसता त्यांच्या मनात आलं, आपणही ओरडावं. पण चाळीस खाटांच्या वॉर्डाला एका हाकेत गप्प करणारी बाई सुनेला म्हणू शकली नाही, की बाई गं, दारातून ये.

दुपारी जेवणं झाली आणि बिल्डर स्टुलावरून उठला. मेट्रनबाईंच्या खोलीपाशी येऊन खाली बघू लागला. तिथे भिंती उरल्याच नव्हत्या. दोन्हीकडची फक्की पावलांनी पसरून गेली होती आणि मधून सरळ पायवाट पडली होती. बाकीच्या खोल्या जशाच्या तशा होत्या.

"हे काय आहे सांगू?" तो म्हणाला. "हा पॅसेज आहे. तुम्हाला मागे जायला वाट लागते. इथे भिंती घातल्या तर रोज वळसा पडेल आणि वर्षभरात मलाच फोन कराल."

"अरे, पण ती आईची खोली आहे," मुलगा म्हणाला.

"कागदावर आहे. सकाळपासून तुमच्यापैकी कुणी एकदा तरी दारातून गेलं का? मावशींनी तरी कुणाला अडवलं का?"

त्याच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता, आणि तेच जास्त लागलं. तो खरं तेच सांगत होता. मुलाने डोकं खाजवलं. सून विचार करून म्हणाली, "हॉलचा तो कोपरा मोठा आहे ना? तिथे आईंचा पलंग बसेल. सरकता पडदा लावू, जाड. प्रायव्हसी पण राहील."

मेट्रनबाईंच्या डोळ्यांपुढे पडद्यांची रांगच्या रांग उभी राहिली. हिरवे पडदे, लोखंडी कड्या, त्यांचा खर्रकन आवाज. दुसऱ्यांच्या खाटांभोवती त्यांनी ते जन्मभर ओढले होते. पडद्याआड माणूस कसा असतो हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्याचं कण्हणं, कूस बदलणं, रडणं, सगळं सगळ्यांना ऐकू येतं आणि ऐकू येत नाही असं जो तो दाखवतो.

"मग मी फ्लॅट विकत नाही," त्या म्हणाल्या.

बोलून गेल्या आणि त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. आवाज वॉर्डातला होता. नातीने कानातला इअरफोन काढला. सून मुलाकडे बघू लागली आणि मुलगा जमिनीकडे.

खरं सांगायचं तर त्यांना फ्लॅट राखायचाच नव्हता. त्यांना फक्त एवढंच ऐकायचं होतं, की असं काय करतेस आई, तू नाहीस तर घर कसलं, वळसा पडला तर पडू दे. यातलं अर्धं जरी कुणी बोललं असतं तरी त्या विरघळल्या असत्या. पडद्याआडसुद्धा गेल्या असत्या, मुकाट्याने. त्या वाट बघत राहिल्या. मुलाच्या तोंडाकडे त्या अशा बघत होत्या, जसे रुग्णाचे नातेवाईक त्यांच्या तोंडाकडे बघायचे.

मुलाने मान वर केली. तो चिडला नव्हता. उलट चेहरा जरा मोकळाच झाला होता, काहीतरी सुटल्यासारखा. तो बिल्डरकडे वळला.

"आईची खोली धरलीच नाही, तर लहान घर बसेल ना आपल्या बजेटमध्ये?"

"बसेल की," बिल्डर म्हणाला. "हॉलही जरा लहान करू. हवा तर वरचा मजला मागाहून चढवा."

"आणि आई, तुम्हाला तुमच्या जागेची सवयही आहे," सून मायेने म्हणाली. तिच्या मायेत खोट नव्हती. "शेजारपाजार आहे, दवाखाना जवळ आहे. इथे कधी आलात तर हॉल आहेच."

"बरोबर आहे," मेट्रनबाई म्हणाल्या. आत काहीतरी तुटलं होतं आणि त्याचा आवाज आपल्याशिवाय कुणाला ऐकू गेला नाही, हे त्यांना कळत होतं. मुलाचा राग येत नव्हता. आला असता तर बरं झालं असतं, निदान त्याच्या आधारावर उभं तरी राहता आलं असतं.

बिल्डरने खराट्याने मेट्रनबाईंच्या खोलीच्या उरल्यासुरल्या रेषा पुसल्या आणि खिशातून टेप काढला. नवीन माप घ्यायचं होतं. बिल्डर एका टोकाला उभा राहिला, मुलगा फक्कीचा डबा घेऊन मधे. सून फोनवर हॉलचे फोटो काढत होती, आणि नात पुन्हा आपल्या खोलीत आडवी झाली होती. दुसरं टोक धरायला माणूस नव्हतं.

"आई," मुलाने हाक मारली, "रिकामीच आहेस ना? हे टोक धर जरा."

त्यांनी धरलं.

"घट्ट धर हं, हलवू नकोस," तो म्हणाला. आणि घराचं माप पूर्ण होईपर्यंत त्यांनी हात हलू दिला नाही.