चारशे बारा हमिंगबर्ड

शुक्रवारी दुपारी दोनपर्यंत अहवालावर सही हवी होती, आणि प्रदीपचा हात काही चालेना. ड्युसेलडॉर्फमधल्या त्या छोट्या पर्यावरण-सल्लागार ऑफिसात बाकी सगळे सह्या करून मोकळे झाले होते. अहवाल होता अँडीज पर्वतात, साडेतीन हजार मीटरच्या वर राहणाऱ्या एका इवल्याशा हमिंगबर्डबद्दल. तिथून एका खाणकंपनीला रस्ता काढायचा होता. शेवटच्या पानावर प्रदीपनेच लिहिलं होतं: त्या परिसरात संख्या चारशे बारा, जात धोक्याबाहेर.

चूक त्याचीच होती. डोंगरावरच्या पर्यटक निवासात या पक्ष्यांसाठी साखरपाण्याच्या बाटल्या टांगतात. प्रदीपने त्यांच्यासमोर कॅमेरे लावले, आणि कॅमेरा जितक्या वेळा चालला तितके पक्षी आहेत असं धरलं. बुधवारी चित्रफिती पुन्हा पाहिल्या, तर शेपटीचं पीस तुटलेला एकच नर साठ वेळा येऊन गेला होता! एकेक ओळखून मोजले तेव्हा जेमतेम तेवीस भरले.

तो तडक साहेबांकडे, क्रेमर यांच्याकडे गेला. ते हसले. "आल्झो, हे बघ प्रदीप, इतकं खोलात कोण जातं? सही कर. तुझा फेर्ट्रागही याच महिन्यात वाढवायचाय ना?"

बोलणं गोड, पण गळ्याला फास. फेर्ट्राग म्हणजे नोकरीचा करार; तो वाढला नाही तर नोकरी नाही, नोकरी नाही तर व्हिसा नाही. इकडे आड, तिकडे विहीर!

गुरुवारी संध्याकाळी त्याची बायको चारुलता हिचे मामा, श्यामकांत, चहाला आले. चाळीस वर्षं जर्मनीत काढलेला माणूस. प्रदीपने सगळं सांगून विचारलं, "मामा, परक्या देशात मान खाली घालून राहावं, हेच बरं ना?"

"हे आमच्याच पिढीने शिकवलं तुम्हाला," मामा म्हणाले. "पण ते चुकीचं. अरे, मंडळाच्या गणपतीत मी प्रसादाची पाकिटं मोजून 'अडीचशे माणसं आली' असं छापलं होतं. पुढच्या वर्षी तेवढा हॉल घेतला, तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या! एकेकाने तीन-तीन पाकिटं नेली होती. आमचं नुसतं हसं झालं. तुझ्या आकड्यावर रस्ता होणार आहे. तो पक्षी आधीच डोंगराच्या माथ्यावर राहतो. रस्त्यापायी तिथली मधाची फुलं गेली तर आणखी वर कुठे जाईल?"

"आणि आम्ही कुठे जायचं?" चारुलता एकदम बोलली. "लेकीची शाळा, हे घर, सगळं इथेच आहे."

मामांनी कप खाली ठेवला. "पोरी, अवघड आहे, मला ठाऊक आहे. पण तुम्ही दुसरी नोकरी शोधू शकता. नाहीच मिळाली तर पुण्याला परतू शकता. त्या पक्ष्याला तेवढंही नाही गं."

प्रदीप चरकला. आपण अडकलोय म्हणून दुसऱ्या जिवाला अडकवायला निघालो होतो की!

शुक्रवारी त्याने चारशे बारा खोडून तेवीस लिहिले, 'जात धोक्यात' असं नोंदवलं, आणि चूक आपली होती हेही खाली लिहून सही केली. क्रेमरनी कागद वाचला. "परिणाम माहीत आहेत ना?"

"गेनाऊ, अगदी नीट माहीत आहेत," प्रदीप म्हणाला.

करार वाढला नाही. आता तो आणि चारुलता रोज अर्ज पाठवतात, आणि टपालाची वाट पाहतात.

वाचकहो, पोटासाठी मान खाली घालावी लागते, हे कोण नाकारेल? पण मान खाली घातलीच आहे, तर समोरच्या कागदावर काय लिहिलंय ते तरी वाचा, आणि मगच सही करा!